कोणती फाइल कोण उघडणार

१८ सप्टेंबर
दिवाळी अंकाच्या कामासाठी नवा संगणक आला, विंडोज ११चा. पीडीएफवर डबलक्लिक केलं की ब्राउझर उघडतो. प्रूफ वाचायला चालेल. पण फॉण्ट एम्बेड झालेत का, हे ब्राउझरला विचारून उपयोग नाही. राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, आणि शेवटी ‘ऑलवेज’. ‘जस्ट वन्स’ दाबलं तर उद्या पुन्हा तेच. नवा प्रोग्राम टाकला की त्याने सगळ्या फायली परस्पर आपल्या नावावर करून घ्यायच्या, ही जुनी खोड विंडोज ८ (२०१२) पासून बरीच मोडली. आपली निवड नोंदवताना विंडोज सोबत एक सांकेतिक खूण ठेवतं. ती जुळली नाही तर गाडी मूळ प्रोग्रामवर परत. चांगलं आहे. मूळ प्रोग्राम बहुतेक वेळा विंडोजच्याच घरचा असतो, एवढंच.

१९ सप्टेंबर
आधी व्ह्यू मेन्यूतून फाइलची एक्स्टेन्शन दिसतील असं केलं. विंडोज प्रोग्राम ठरवतं ते फाइलच्या पोटात डोकावून नव्हे, तर याच शेवटच्या दोन-चार अक्षरांवरून, आणि नेमकी तीच लपवतं! मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच फटीतून जगभर पसरला. नाव ‘टीएक्सटी’ने संपतंय असं दिसायचं, त्यापुढचं ‘व्हीबीएस’ झाकलेलं. डबलक्लिक केलं की ती फाइल वाचायला नव्हे, चालवायलाच घेतली जायची. म्हणून इथे व्हीबीएस आणि जेएस दोन्ही नोटपॅडला जोडून टाकल्या. चुकून कुणी दाबलंच, तर कोड नुसता दिसेल.

जेपीजी साध्या व्ह्यूअरला दिली. ऑपरेटर कुरकुरला, “काका, फोटोशॉपलाच द्या ना, दुरुस्ती तिथंच करायची असते.” नाही. डबलक्लिक बघण्यासाठी, दुरुस्ती करायची तर राइट-क्लिक करून मुद्दाम जावं. कोणत्या लेखकाचा फोटो आहे एवढं पाहायला चहा गार होईपर्यंत कोण थांबणार?

२२ सप्टेंबर
वर्गणीदारांची यादी सीएसव्हीत आली. ऑपरेटरने डबलक्लिक केलं, स्प्रेडशीट उघडली आणि नावांच्या रकान्यात नुसता कचरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ जिकडेतिकडे.
“काका, फाइल बिघडलीये. परत मागवू?”
फाइल धडधाकट होती. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. उघडणाऱ्या प्रोग्रामने त्या तिघांना जुन्या युरोपीय अक्षरसंचातली तीन वेगळी चिन्हं मानलं, म्हणून तोच ‘ए’ पुन्हापुन्हा. मोबाइल नंबरांचे हाल त्याहून वाईट. ९१ धरून बारा आकडे, त्यांचं झालं ‘९.१९ई+११’ असलं काहीतरी. सवयीने कंट्रोल-एस दाबलं असतं तर फाइलमध्ये तेच लिहिलं गेलं असतं आणि मागचे आकडे कायमचे गेले असते.

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. हा रकाना आकड्यांचा की अक्षरांचा, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते उघडणारा आपल्या मनाने ठरवतो. लिबरऑफिस कॅल्क निदान आधी विचारतं. अक्षरसंच यूटीएफ-८ निवडला, फोनचा रकाना ‘टेक्स्ट’ केला. नावं नीट, नंबर पूर्ण. सीएसव्ही कायमची कॅल्कला जोडली. दर वेळी एक खिडकी जास्त येते. येऊ दे.

२६ सप्टेंबर
संपादकबाईंना जुन्या अंकातला एक लेख पुन्हा छापायचा आहे. सीडीवर पेजमेकरच्या पी६५ फायली निघाल्या, कोऱ्या पांढऱ्या आयकॉनच्या. विंडोज विचारतं, कशाने उघडू? यादीतल्या एकालाही त्या समजत नाहीत. ऑपरेटरने एक्स्टेन्शन बदलून ‘आयएनडीडी’ करून पाहिलं. नाव बदललं, आतला माल तोच. इनडिझाइनने दाद दिली नाही. सीएस६ (२०१२) पर्यंतचं इनडिझाइन पेजमेकरच्या या फायली उघडायचं, पुढच्यांनी ते सोडून दिलं. भंगारात काढायच्या संगणकावर सीएस६ आहे. तो ठेवायचा, नेट मात्र जोडायचं नाही. पेनड्राइव्हने फायली न्यायच्या आणि उघडतील तशा पीडीएफ करून आणायच्या. मजकूर जुन्या श्रीलिपीतला आहे. त्याच्या फॉण्टचं उद्या बघू.