निवडून सांगितलेला सामना



शब्दसिद्धी आणि परिभाषा या विषयांचा अभ्यास तुम्ही या पुस्तिकेत केला आहे. त्याला जोडून दूरचित्रवाणीवरील खेळांच्या प्रसारणाविषयी चार गोष्टी तुमच्यापुढे मांडाव्यात, असे मनात आहे. तुमच्यापैकी अनेक जण दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडतात आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत एखादा सामना सुरू असतो. तिथून कानावर येणारा आवाज हाही भाषेच्या अभ्यासाचा विषय आहे. हे मला पुस्तकाने शिकवले नाही, माझ्या वडिलांनी शिकवले. म्हणून सुरुवात घरापासून करतो.

३१ ऑक्टोबर १९८७ चा दिवस. विश्वचषक स्पर्धेतील भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना नागपूरला होता. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी कापसाची वेचणी सुरू झाली होती. घरात दूरचित्रवाणी संच नव्हता, रेडिओ होता. बाबा दुपारी शेतातून आले आणि ओसरीत बसले. ते स्वतः हुतूतूचे गडी. क्रिकेटशी त्यांचे फारसे सख्य नव्हते; पण सामना नागपुरात, म्हणजे आपल्याकडे, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

त्या काळी आकाशवाणीवरचे धावते समालोचन आळीपाळीने हिंदीत आणि इंग्रजीत होई. हिंदी बाबांना समजे. इंग्रजीची पाळी आली की ते माझ्याकडे पाहत. मी महाविद्यालयात जाऊ लागलो होतो. दुभाष्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. बाबांनी मध्येच विचारले, "नागपुरात खेळून रायले, मंग इंग्रजीत काऊन बोलून रायले?" मी हसलो. उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते.

थोड्या वेळाने चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना बाद केले. मैदानावरचा कल्लोळ रेडिओतून ओसरीत आला. मी घाईघाईने सांगितले, "एक बाद. अजून एक बाद. तिसराही बाद." बाबा म्हणाले, "लोकं एवढे ओरडून रायले अन् तू नुसतं बाद-बाद म्हणतं. पोरा, तू सांगून नाही रायला, निवडून रायला."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांनी वाचले, की ते तिघेही त्रिफळाचीत झाले होते. मग मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "तिघायचाही त्रिफळा उडवला म्हणाचं ना!" हा शब्द मला ठाऊक नव्हता असे नाही. इंग्रजीतून मराठीत येताना तो मी वाटेत गाळला होता. त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी एकदिवसीय क्रिकेटमधील आपले एकमेव शतक केले. पण मला आजही आधी आठवतो तो मी गाळलेला शब्द.

'त्रिफळाचीत', 'पायचीत', 'धावचीत' या शब्दांकडे जरा थांबून पाहा. 'चीत' हा कुस्तीच्या आखाड्यातला शब्द. पाठ जमिनीला लागलेला मल्ल चीत होतो. मराठीने परक्या खेळातील बाद होण्याचे प्रकार आपल्या आखाड्यातील शब्दाने सांगितले. 'गोलंदाज' हा तर तोफखान्यातला माणूस. तोफेचा गोळा डागणारा. यातील 'अंदाज' हा घटक फारसी असून त्याचा अर्थ फेकणारा. 'तीरंदाज' या शब्दात तोच आहे. पुढे 'गोलंदाज'च्या सादृश्याने 'फलंदाज' घडला. फलंदाज काही फळी फेकत नाही. तरी शब्द रुजला, कारण तो जोडीने आला. 'षटक' म्हणजे सहांचा समूह. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचे षटक टाकले जात असे, तेव्हाही मराठी वाचकाला त्यात विसंगती जाणवली नाही. ही परिभाषा मराठी वृत्तपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केली आणि आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करणाऱ्या बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी ती बोलती केली.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. १९८७ मध्ये देशात दूरदर्शन ही एकच प्रसारणसंस्था होती. १९९३ च्या हिरो चषक स्पर्धेच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर शासनाचीही मक्तेदारी असू शकत नाही. पुढे खासगी क्रीडावाहिन्यांचा विस्तार झाला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही देणे वाहिन्यांना बंधनकारक झाले.

बाजार वाढला तशी भाषांची आठवण झाली. २०१७ मध्ये स्टार स्पोर्ट्सने तमिळ वाहिनी सुरू केली. २०१८ ची आयपीएल हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि बांग्ला अशा सहा भाषांत दाखवली गेली. त्या यादीत मराठी नव्हती. मराठी माणसाला हिंदी समजते, मग वेगळा खर्च कशाला, हा हिशेब त्यामागे असावा, असे मला वाटते. बाबांनाही हिंदी समजत होतीच. परंतु समजणे निराळे आणि आपल्याशी कोणी बोलणे निराळे.

प्रादेशिक क्रीडावाहिनी म्हणजे नेमके काय, हे येथे लक्षात घ्या. सामन्याचे चित्रीकरण एकच असते. तेच चित्र सर्व भाषांच्या वाहिन्यांवर जाते. समालोचक पुष्कळदा मैदानापासून दूर, कलागृहात पडद्यासमोर बसून बोलतात. म्हणजे प्रादेशिक वाहिनी जे स्वतः घडवते, ते मुख्यतः भाषा हेच होय. तिने शब्द निष्काळजीपणे निवडले, तर तिच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे फारसे उरत नाही.

याची प्रचिती मला कबड्डीने दिली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. प्रतिस्पर्धी संघाचे सर्व गडी बाद झाले, की लोण होतो आणि दोन जादा गुण मिळतात. हा मराठी शब्द खेळाच्या इंग्रजी नियमपुस्तकातही 'लोना' म्हणून गेला आहे. आट्यापाट्यांतही लोण आहे, आणि एखाद्या गोष्टीचे लोण पसरते तेही आपण रोज बोलतो.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पुढच्या एका हंगामात बाबा आणि मी सामना पाहत होतो. आता घरात मोठा संच होता आणि बाबा खाटेला खिळलेले होते. पडद्यावर 'ऑल आऊट' अशी अक्षरे झळकली. बाबांनी विचारले, "लोण झाला ना? मंग लोण काऊन नाही म्हणत?" भाषाविज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेला मी त्यांना समजावू लागलो, की प्रेक्षकांना कळावे म्हणून सोपा शब्द घेतला आहे. बाबा म्हणाले, "मी नाही का प्रेक्षक?" या खेपेलाही माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो हंगाम त्यांचा अखेरचा ठरला.

२०२३ मध्ये आयपीएलचे डिजिटल प्रसारण मराठीसह बारा भाषांत झाले. केदार जाधव यांच्यासारखा कसोटीला उतरलेला खेळाडू मराठीत बोलताना मी मोबाइलवर ऐकला, तेव्हा आनंद झाला आणि ओसरी आठवली. मात्र या आनंदाबरोबर दोन प्रश्न येतात. पहिला, ही मराठी हिंदी समालोचनाचे भाषांतर असेल, की तिला स्वतःचा श्वास असेल? दुसरा, मराठीत केवळ क्रिकेटच सांगितले जाईल, की कुस्ती, खो-खो आणि कबड्डी यांनाही वेळापत्रकात नित्याची जागा मिळेल? २०१८ मध्ये कुस्तीची दंगल 'झी टॉकीज' या चित्रपटांच्या वाहिनीने दाखवली होती. मराठी प्रेक्षक मातीतले खेळ पाहतो, हे त्या वाहिनीला ठाऊक होते.

इंग्रजी शब्द हाकलून लावा, असे मी म्हणत नाही. 'गोलंदाज' फारसीतून आला आणि आपला झाला. 'हॅटट्रिक'ही आपली झाली आहे. शब्द कोठून आला यापेक्षा तो निवडताना कोणता श्रोता डोळ्यांपुढे होता, हे विचारणे मला महत्त्वाचे वाटते. मी १९८७ साली निवड केली, तेव्हा शेजारी बसलेला श्रोताच माझ्या नजरेतून सुटला होता.

तेव्हा या आठवड्यात एक करून पाहा. घरात सामना चालू असताना थोडा वेळ संचाचा आवाज बंद करा आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाला तुमच्या बोलीत तो सांगा. वऱ्हाडी असो, अहिराणी असो वा मालवणी. कोणता शब्द चटकन आला, कोणता अडला, कोणता तुम्ही गाळला, हे वहीत लिहून ठेवा. आणि समोरच्या माणसाने मध्येच एखादा प्रश्न विचारला, तर माझ्यासारखे हसून सोडून देऊ नका. तो प्रश्नही लिहून घ्या.