साताऱ्याहून वाईस

वाईचें व आमच्या घराण्याचें नातें जुनें. संस्कृताचे पहिले पाठ मीं कृष्णेच्या तीरीं थोरल्या चुलत्यांपुढें बसून घोकिले; त्यामुळें वर्षांतून एकदां तरी ढोल्या गणपतीचें दर्शन घेतल्यावांचून मला चैन पडत नाहीं. परंतु यंदा उजव्या खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागीं कृत्रिम सांधा बसविण्यांत आला, आणि अवघ्या पस्तीस किलोमीटरांवरची वाई मला काशीइतकी दूर झाली.

घरांत मोटार आहे, ती चालविणारा पुतण्याही आहे. मग अडचण कोणती, असें वाचक विचारतील. अडचण अभिमानाची! जन्मभर मुलांना स्वावलंबनाचा धडा देणाऱ्या मास्तरानें मागच्या बाकावर गांठोड्यासारखें बसून जावें, हें मनास रुचेना. तिसऱ्याच आठवड्यांत मीं किल्ली मागितली. पुतण्या नम्रपणें म्हणाला, "अण्णा, गाडी तुम्ही चालवाल, पण ऐन वेळीं थांबवाल का?" मी निरुत्तर झालों. ब्रेक दाबणें हें उजव्याच पायाचें काम, आणि शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे तो पाय मनाच्या आज्ञेस उशीरानें ओ देतो. त्यांत वेदनाशामक गोळ्यांची गुंगी निराळीच.

सहा आठवडे लोटल्यावर शल्यवैद्यांनीं तपासून अनुज्ञा दिली. गोळ्या त्यापूर्वींच सुटल्या होत्या. तरीही आधीं मोकळ्या मैदानांत अभ्यास केला. आसन मागें सारून त्यावर उशी ठेवावी, म्हणजे गुडघा खुब्याहून वर येत नाहीं. प्रथम पाठमोरें टेकावें, मग दोन्ही पाय एकत्र आंत घ्यावे. कमरेंत काटकोनापलीकडे वांकूं नये. पुतण्या अकस्मात् "थांबा!" म्हणे आणि मी ब्रेक दाबीत असें. साठी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालों!

आठव्या आठवड्यांत, मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं निघालों. आनेवाडीपुढें एका उपाहारगृहापाशीं उतरून पांच मिनिटें पाय मोकळे केले. पाचवडला महामार्ग सोडून वाईकडे वळलों. पुढें उसानें लादलेला ट्रॅक्टर सावकाश चालला होता. इतक्यांत पडलेलें कांडें उचलावयास एक पोर त्याच्या आडून धांवत रस्त्यांत आलें. विचार करण्यापूर्वींच पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागीं थांबली. पोर कांडें घेऊन हंसत पळालें. माझे हात मात्र बराच वेळ कांपत होते. तिसऱ्या आठवड्यांत किल्ली हातीं आली असती तर?

गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं 1762 सालीं हें देऊळ बांधलें. कृष्णेच्या पुराचें पाणी दुभंगून जावें, म्हणून त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची केली आहे. ती आजवर अनेकदां पाहिली होती. तिचा अर्थ त्या दिवशीं कळला. पूर येण्यापूर्वीं पुराचा विचार करणें, यालाच शहाणपण म्हणतात.

घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा मोह आवरून मीं वरूनच नदीस नमस्कार केला. परततांना कोणीं न मागतां किल्ली पुतण्याच्या हातीं दिली, आणि मागच्या बाकावर स्वस्थ बसलों.