खुणा बदललेले पार्ले
विलेपार्ले स्थानकावर उतरताच पूर्वी भाजत्या बिस्किटांचा दरवळ स्वागताला येई. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. कौलारू बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या. अशा उपनगरात आपल्या घरातील ज्येष्ठ एखाद्या वळणावर थबकले, तर लगेच विस्मरणाचा शिक्का मारू नका; कदाचित त्यांची खूणच नाहीशी झाली असेल. मात्र रोजच्या, न बदललेल्या रस्त्यावरही वाट चुकू लागली, तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्या. एरवी सायंकाळी त्यांच्यासोबत सावकाश फिरा. १९२३ साली स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाचे टिळक मंदिर अजून आहे. तेथून जुन्या खुणांना नव्या जोडत चला. वाटाड्या मात्र त्यांनाच होऊ द्या.