अण्णांच्या कांड्या

१९९४च्या प्लेगात आमच्या दोन म्हशी तगल्या, त्याचं श्रेय माझी माय शेवटपर्यंत एका तमिळ ट्रक ड्रायव्हरला देत राहिली. तिच्यामागे ते देणं माझ्याकडे आलं आहे.

आम्ही मूळचे साक्री तालुक्यातले. वडील सुरतेच्या पांडेसरा जीआयडीसीत एका प्रोसेस हाऊसच्या फोल्डिंग खात्यात होते. आमच्या चाळीत खानदेशी बरेच, बाकी ओडिशाच्या गंजामचे आणि उत्तर प्रदेशातले. चाळीमागे पत्र्याची शेड बांधून मायनं म्हशी ठेवल्या होत्या. पगारात घर चालायचं. आम्हा भावंडांच्या शाळेचा खर्च दुधावर निघायचा.

तो ट्रक ड्रायव्हर म्हणजे आमचे अण्णा, नामक्कलचे. तेव्हा नामक्कल सेलम जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १९९७ साली झाला. ते सुरतेला साबुदाणा आणायचे आणि परतीच्या भाड्याला साड्यांच्या गाठी न्यायचे. गाठी भरून होईपर्यंत ट्रक गेटबाहेर उभा राहायचा. वडिलांनी एकदा त्यांना चहाला घरी आणलं आणि ते आमचेच झाले. मोडक्यातोडक्या हिंदीत ते मायला ‘अक्का’ म्हणायचे. उपासाचा साबुदाणा जमिनीखालच्या कंदापासून होतो, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात परदेशी साबुदाणा थांबला आणि १९४३च्या सुमारास सेलमच्या माणिकम चेट्टियार यांनी पोपटलाल शहांच्या साथीनं कसाव्यापासून तो करायला सुरुवात केली, हे मी पुढे वाचलं. अण्णांच्या बोलण्यात कारखान्यापेक्षा त्याच्या मागचं अंगण जास्त यायचं. तिथे पिष्ट काढून उरलेला चोथा, त्यांच्या भाषेत तिप्पी, सिमेंटच्या खळ्यावर वाळवतात आणि तो गुरांना, कोंबड्यांना जातो. त्यांच्या घरी तर कंदच कापून वाळवत.

म्हशींना चारा महाग पडतो, हे मायच्या तोंडून ऐकल्यावर पुढच्या फेरीला त्यांनी गोणपाटात गुंडाळून कसाव्याच्या कांड्या आणल्या. कंद आणून उपयोग नव्हता, तो उपटल्यावर दोन-तीन दिवसांतच आतून निळा-काळा पडू लागतो. कांडी मात्र सावलीत आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. खाडीच्या काठाला मोकळी जमीन होती, पण तिथलं रंगीत पाणी बघून अण्णांनी मान हलवली. शेवटी दुधाचं गिऱ्हाईक असलेल्या एका कोळी पटेलांच्या शेताचा बांध मिळाला. १९९३च्या जूनमध्ये वीत-वीतभर कांड्या तिथे रोवल्या. हाताच्या पंजासारखी पानं फुटली तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा बजावलं ते हे, की ही ओली पानं म्हशीच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत.

पुढच्या वैशाखात कंद निघाले. त्या दिवशी अण्णा सुरतेतच होते. गच्ची धुऊन घेतली आणि ते व माय विळ्या घेऊन बसले. माय बिबड्यांच्या गावची, वाळवणात तिचा हात कोण धरणार! ती म्हणाली, “पातय कापूत, बेगी वायतीन.” अण्णांना अहिराणी कळली नाही, पण तिची पातळ चकती बघून त्यांनी विळीच तिच्या हातून घेतली. आपलं बोट आडवं धरून जाडी दाखवली. मग घशाला हात लावून, डोळे मिटून जनावर कसं मरतं तेही करून दाखवलं.

त्यांचं खरं होतं. कसाव्यात लिनामॅरिन नावाचं द्रव्य असतं. कंद कापला की पेशी फुटतात, कंदातलंच विकर त्यावर काम करतं, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि हवेत निघून जातं. याला ओल लागते आणि वेळही लागतो. फार पातळ काप कडक उन्हात झटकन सुकले तर विकराचं काम अर्धवट थांबतं आणि विष कापातच राहतं. सालीत तर ते आणखी जास्त, म्हणून सालं त्यांनी वेगळी काढली. हे शास्त्र अण्णांच्या बोटाच्या जाडीत होतं.

दिवसातून काही वेळा काप उलटायचे. संध्याकाळी गोळा करून दवापासून झाकायचे, पण ओले असताना ढीग करायचा नाही, बुरशी येते. काळा पडलेला काप फेकायचाच. काप मोडल्यावर खडूसारखा कट्टकन तुटला की झालं. तीन मण ओल्या कंदाचं जेमतेम मणभर सुकं उरलं, ते पोत्यांत भरून माळ्यावर ठेवलं. निघताना अण्णांनी पुन्हा समजावलं: नुसतं हे द्यायचं नाही, यात पिष्ट आहे पण प्रथिनं शंभरात दोन-तीनच, सरकीची ढेप हवीच, आणि सुरुवात मूठभरापासून.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात प्लेगची बातमी फुटली. गिरण्या बंद झाल्या. उधना स्टेशनावर भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवर माणसं बसली. चाळ रिकामी होत गेली. वडील गावी निघायला तयार होते. माय म्हणाली, मुक्या जनावरांना दावणीला बांधून मी कुठे जाऊ? आम्ही टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल खाऊन राहिलो. गवतवाले यायचे थांबले, ढेपेचं दुकान बंद झालं. माय रोज माळ्यावरून काप उतरवायची, कुटून भिजवायची, उरलेल्या ढेपेत आणि थोड्या कडब्यात कालवायची. दूध कमी झालं, पण आटलं नाही. विकत घेणारे पळाले होते, म्हणून मागे राहिलेल्या घरांत ते तिनं वाटलं. त्यात एक बाळंतीण होती, गंजामची.

हिवाळ्यात अण्णांचा ट्रक पुन्हा गेटवर लागला. उतरल्या उतरल्या त्यांनी म्हशींची चौकशी केली आणि थेट गोठ्यात गेले. मायनं पदराच्या गाठीतले पैसे पुढे केले, ते त्यांनी हातात घेतले नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी एक साडी निवडून दिली, तर तिचे पैसे मात्र त्यांनी मोजून दिले, एक रुपयाही कमी करू दिला नाही. पुढे त्यांच्या फेऱ्या थांबल्या. पत्ता लिहून घ्यावा असं कुणालाच सुचलं नव्हतं. माणूस महिन्या-दोन महिन्यांनी येतोच, असं धरून चाललो होतो.

पटेलांच्या त्या शेतावर आता इमारती आहेत. त्याआधीच मायनं कांड्या साक्रीकडे, माहेरी नेल्या होत्या. मामांच्या विहिरीकडेला दर पावसाळ्यात त्या लागतात, आणि काप किती जाड करायचा हे मामेभावाच्या सुनेला विचारलं तर ती बोट आडवं धरून दाखवते.