तळाचा माल

नोकरी गेली त्या संध्याकाळी ऐरोलीहून नावडे फाट्यापर्यंत नेहमीसारखाच आलो, पण तिथून घराकडे पाऊल उचलेना. फाट्यावरच्या टपरीवर लागोपाठ दोन चहा घेतले आणि बायकोला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत बसलो. वयाची पन्नाशी उलटलेली, घराच्या कर्जाचे सहा वर्षांचे हप्ते बाकी, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तीही कॉम्प्युटरचीच. दार उघडताच बायको म्हणाली, "अहो, आज लवकर?" जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. तिला मात्र कळलं.

मी सिनिअर सोल्युशन आर्किटेक्ट होतो. बँकेची किंवा विमा कंपनीची मोठी संगणकप्रणाली उभी करायची, तर कुठला भाग कुठे बसेल, माहिती कुठून कुठे जाईल, एक भाग बंद पडला तर बाकीचे कसे तगून राहतील, हे ठरवणारा माणूस. सुरुवात १९९८ ची, वायटूकेची. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असायचे. २००० साल उजाडलं की संगणक त्याला १९०० समजेल, ही भीती. रात्र रात्र बसून आम्ही त्या ओळी हुडकून काढायचो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिली परदेशवारी आणि पहिला फ्लॅट त्या कामाने आणला. आम्ही २०११ मध्ये नावड्यात घर घेतलं, कारण इथलं परवडलं. मेट्रो तेव्हा धावत नव्हती. बेलापूर ते पेंधर ती नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. तोवर आधार रस्त्याचा आणि दिवा-पनवेल मार्गावरच्या नावडे रोड स्टेशनातून जाणाऱ्या मोजक्या गाड्यांचा.

धक्का एका दिवसाचा नव्हता. पूर्वी तीन-तीन वर्षांचे प्रकल्प यायचे आणि त्यातले पहिले सहा महिने नुसत्या आराखड्याचे असायचे. मग क्लाउडवर तयार सेवा मिळू लागल्या. ज्या जोडणीसाठी आम्ही महिनाभर खल करायचो, ती दोन दिवसांत होऊ लागली. छोट्या टीम आपला आराखडा आपणच ठरवू लागल्या. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, पाठोपाठ कोड लिहून देणारी साधनं आली, आणि परदेशी ग्राहक सरळ विचारू लागले की या वरच्या माणसाचे पैसे आम्ही का मोजायचे? आमच्या धंद्याचं सगळं गणित तासांच्या बिलावर. बिल होत नाही तो माणूस बेंचवर, आणि बेंचवर फार दिवस कुणाला बसवत नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरची. मी तिथला नव्हतो, पण ती बातमी आमच्या सोसायटीत पाच-सहा घरांत एकाच वेळी वाचली गेली असणार.

माझा मॅनेजर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. म्हणाला, "सर, तुमचा रेट कुठल्याच अकाउंटला बसत नाहीये." त्याचं खोटं नव्हतं. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. काढून टाकलं असं कागदावर येऊ नये म्हणून राजीनामा लिहून घेतला गेला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा शेवट दोन ओळींच्या ईमेलने, आणि तोही मीच टाइप केलेला. वरिष्ठ माणसाला अशा वेळी कायद्याचाही फार आधार नसतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिताही व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला 'कामगार' मानत नाही. हे अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचे सात महिने मुलाखतींचे. एका ठिकाणी तिशीच्या आतल्या मुलीने स्क्रीनवर कोड लिहायला सांगितला. निम्म्यात अडकलो. प्रश्न योग्यच होता. दहा वर्षं मी आकृत्या काढल्या होत्या आणि कोड दुसऱ्यांनी लिहिला होता. मग रात्री जेवणं झाली की लेक शेजारी बसून मला नवी साधनं शिकवू लागली. "बाबा, त्याने दिलं तसं घेऊ नका, आधी वाचा," हे तिचं वाक्य. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच सांगत आलो होतो.

काम मिळालं ते घरापासून पंधरा मिनिटांवर, तळोजा एमआयडीसीत. आमच्याच इमारतीतले एकजण तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात आहेत. ते म्हणाले, "सॉफ्टवेअर बदललंय तेव्हापासून गोंधळ आहे, बघून तर या." कारखान्याचा स्टॉकचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा, लिहिणारा कधीच सोडून गेलेला. मालकांच्या मुलाने तो एआयच्या मदतीने महिन्याभरात नव्याने लिहून घेतला होता. दिसायला देखणा, चालायला झपाट्याचा. पण सॉल्व्हंटचा हिशेब चुकत होता आणि एक बॅच माल कमी पडल्याने अर्ध्यावर अडकून वाया गेली होती.

जुना कोड काढून बसलो. चार नंबरच्या टाकीच्या मापातून प्रत्येक वेळी ४०० लिटर वजा होत होते. शेजारी टीप नाही, कारण नाही. नवा कोड लिहिताना एआयने तो आकडा निष्कारण म्हणून गाळला होता, आणि कुणी विचारलं नव्हतं. मी दिवसभर कोड वाचला, उलगडा होईना. संध्याकाळी स्टोअरमध्ये गेलो. तिथले नाना इथलेच, आगरी. गावच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, आणि ते कित्येक वर्षं इथेच कामाला आहेत.

"नाना, चार नंबरच्या टाकीचं काय आहे?"

"सायब, तो तलाचा माल हाय. नळी वर बसवलीय, पंप तो खेचत नाय. हाय, पन वापराचा नाय."

टाकीची नळी तळापासून वीतभर वर. त्याखालचा माल मोजमापात दिसतो, पण बाहेर येत नाही. वीस वर्षांपूर्वी त्या प्रोग्रॅमरने नानांनाच विचारून तो आकडा घातला होता. कोडमध्ये होता तो फक्त आकडा, कारण नानांपाशी होतं.

त्या संध्याकाळी मला माझ्या कामाचा अर्थ पुन्हा सापडला. कोड लिहायला आता माणूस लागत नसेल, निदान इतके लागत नसतील. पण कुठला आकडा का आहे हे शोधणारा, काय गाळायचं आणि काय नाही यावर सही करणारा, चुकलं तर पहाटे तीनला फोन उचलणारा माणूस लागतो. एकट्या तळोज्यात अशा जुन्या प्रोग्रॅमवर चालणारे कारखाने किती असतील! शिवाय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ग्राहकाची माहिती कुठे साठते, कोण पाहतं, कधी पुसायची, हे रुग्णालयांपासून पतपेढ्यांपर्यंत सगळ्यांना नव्याने मांडावं लागणार आहे. ते आमचंच काम आहे. महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरांकडे मात्र मी आशेने पाहत नाही. इमारती प्रचंड, पण आत माणसं थोडी.

पैशाचं खरं सांगतो. आता तीन कारखान्यांचं काम मिळून जुन्या पगाराच्या निम्म्यालाही पोचत नाही. गाडी विकली, कर्जाची मुदत वाढवून घेतली. पदाचं नाव विचाराल तर ते नाही. माझ्यासारखे जे अजून नोकरीत आहेत त्यांना एकच विनंती आहे. राजीनामा मागितला जाण्याची वाट न पाहता आत्ताच रोज तासभर स्वतःच्या हाताने कोड लिहा, आणि आपल्या प्रणालीतल्या वजाबाक्यांची कारणं ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याशी जाऊन बोला.

नाना येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यायच्या अकरा गोष्टी अजून बाकी आहेत.