मजुरी कोयत्याची, दारू एकाची

पाथर्डीकडची एक विद्यार्थिनी दारूचा मजुरीवर काय परिणाम होतो यावरच्या प्रबंधासाठी आली, तेव्हापासून मजुरीचं समीकरण मांडताना माझा हात डाव्या बाजूलाच, म्हणजे मजुरीपाशीच, अडतो. उजवीकडे काय घ्यायचं यावर आम्ही अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्यभर वाद घातले. 1991 साली रॉबर्ट केस्टनर यांना अमेरिकन तरुणांच्या आकडेवारीत नशा करणाऱ्यांची मजुरी जास्त दिसली. पैसा हाती आहे म्हणून माणूस नशा करतो का, आणि नशेपायी कामातून उठलेला नमुन्यात येतो तरी का, हे उलटं चिन्ह उलगडून दाखवणं हा माझा आवडता तास. मुलं थक्क झाली की मला सुखावतं, आजही.

या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिने एवढंच विचारलं, "सर, मजुरी कुणाची धरायची?"

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याची, हिशेब टनावर, खाड्याचा, म्हणजे कामावर न आल्याचा, दंडही कोयत्यालाच. रात्री प्यालेला नवरा फडात उशिरा उतरला, तर बायको त्याच्या वाटचा ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. टन तेवढेच भरतात. माझं समीकरण सांगणार, दारूचा मजुरीवर परिणाम नाही. परिणाम तिच्या मानेवर आहे आणि मानेला आमच्याकडे रकाना नाही.

मजुरी निम्मी-निम्मी वाटली, तर तिची जादा मेहनत त्याच्या नावावर जमा होते. कोयता एकच धरला, तर पिणारा कोण तेच पुसलं जातं. तास धरावेत, तर गाडी रात्री केव्हाही येते. सरकारी आकडेही सोबत देत नाहीत: कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दारूचं विचारतं, मजुरीचं नाही, श्रमबल सर्वेक्षण मजुरीचं विचारतं, दारूचं नाही.

तरुण सहकारी म्हणतात, पारनेर तालुक्यात निघोजला बायकांनी मतदानाने बाटली आडवी केली, तशी गावं साधनचल म्हणून, म्हणजे दारू कमी करणारा पण मजुरीला थेट न शिवणारा बाहेरचा घटक म्हणून, घ्या. पण जिथे बायका एवढ्या एकवटतात, तिथे मजुरीची बोलणीही वेगळी होत असणार. शिवाय दिवाळीच्या आगेमागे कोयता गाव सोडतो. गावची दारूबंदी फडाजवळच्या कोपीपर्यंत, मजुरांच्या झोपडीपर्यंत, जात नाही. फड न पाहता सहगुणकांवर सार्थकतेचे तारे छापणाऱ्यांचा मला राग येतो. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाथर्डी-पारनेरच्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा कारखाना उभारायला आला होता. ती जवळीक आमच्या विद्येतून गेली.

या प्रबंधात डाव्या बाजूला तिने वाहिलेल्या मोळ्या आणि तिची झोप येईल. ही मजुरी नव्हे, असं परीक्षक म्हणतील. त्यांच्याशी भांडायला मी बसणार आहे.