पाटोद्याची माती आणि माझ्या आवडत्या कुस्त्या

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि त्यात बीड जिल्हा शोधा. सापडला? आता त्याच्या पश्चिमेला बालाघाटाच्या डोंगररांगेवर बोट ठेवा. हा आमचा पाटोदा तालुका! मांजरा नदी इथेच, गवळवाडीजवळ उगम पावते. पावसाळ्यात आलात तर सौताड्याचा धबधबा जरूर बघा. त्याच्या दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. नंतर सीताफळं येतात. ती तर काय गोड असतात म्हणता!

पण उन्हाळ्यात इथं पाण्याची ओढाताण असते. दिवाळी सरली की कितीतरी घरांना कुलूप लागतं, कारण माणसं ऊसतोडीला जातात. अशा या कोरड्या मुलखात एक पीक मात्र जोमात येतं. ते म्हणजे पैलवान!

गावची यात्रा आली की कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगी कडाडू लागली की पाय आपोआप तिकडं वळतात. आधी चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या होतात. त्यांचं बक्षीस काय? मूठभर रेवड्या! मग शड्डू ठोकत थोरले पैलवान उतरतात. मातीतल्या कुस्तीचा कायदा सोपा, पाठ टेकली की हरला. मॅटवरच्या कुस्तीत मात्र गुण मोजतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथंच संपते.

लहानपणापासून मला कुस्तीचं वेड. त्यातल्या दोन लढती माझ्या खास आवडीच्या आहेत.

पहिली आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांची. त्यांचे वडीलही पैलवान. राहुल पुढं पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडं शिकायला गेले. बिराजदार म्हणजे लातूर जिल्ह्यातले मोठे मल्ल. त्यांनी 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं होतं. 2011 मध्ये ते वारले. मग काका पवार यांनी राहुलला घडवलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला राहुलना जाता आलं नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता. पण त्यांनी सराव सोडला नाही.

12 एप्रिल 2018. ठिकाण ऑस्ट्रेलियातलं गोल्ड कोस्ट. त्या देशात लांबुळक्या चेंडूच्या फुटबॉलचं भारी वेड. तिथं क्लबाक्लबांत चुरस असते, तशी आपल्याकडं तालमीतालमींत! राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात राहुलनी आधी पाकिस्तानच्या मुहम्मद बिलालला हरवलं. अंतिम फेरीत कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी समोर होता. गुण झाले 15-7, आणि सुवर्णपदक पाटोद्याला आलं! वस्तादांच्या सुवर्णानंतर 48 वर्षांनी शिष्याचं सुवर्ण. हे पदक त्यांनी बिराजदार वस्तादांना अर्पण केलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदकही मिळवलं.

दुसरी लढत पुण्याच्या बालेवाडीतली, जानेवारी 2020 ची. महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होती. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. आणि गंमत बघा, दोघंही काका पवारांचेच शिष्य! रोज एकाच तालमीत घाम गाळणारे दोघं त्या दिवशी चांदीच्या गदेसाठी समोरासमोर आले. वस्तादांनी कुणाला शाबासकी द्यावी? हर्षवर्धननं 3-2 अशी निसटती कुस्ती मारली. आणि लगेच काय केलं असेल? हरलेल्या शैलेशला त्यानं आपल्या खांद्यावर उचलून घेतलं!

मुलांनो, शाळेत शिकवताना मी एक गोष्ट नेहमी बघते. हरलेल्या मुलाला सगळ्यांनी चिडवलं की दुसऱ्या दिवशी तो मैदानावर येतच नाही. मग जिंकणाऱ्यानं खेळायचं कुणाशी? जोड तुल्यबळ असेल तरच पैलवान घडतो. म्हणून आपल्या तालमीचा, आपल्या गावचा अभिमान जरूर धरा, आरोळ्याही ठोका. पण समोरच्याला सांभाळा. तो आहे म्हणून आपली कुस्ती आहे.

आणि मुलींनो, तुम्ही मागं का? 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. तेव्हा पालकहो, हगाम्याला जाताना लेकीलाही सोबत न्या बरं का!

आता आज रात्री जेवताना आजोबांना विचारा, "तुम्ही पाहिलेली सगळ्यात भारी कुस्ती कोणती?" बघा, ताटातली भाकरी गार होईल, पण गोष्ट काही संपायची नाही!